जोडीनं जायचं

शाळेत रोबोटचा संघ काढायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. निपाणीतली आमची मराठी माध्यमाची शाळा. मी तिथं विज्ञान शिकवते. सरकारी योजनेतून आलेली खोकी वर्षभर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडली होती. मोटारी, चाकं, वायरींची भेंडोळी, बॅटऱ्या, सगळं त्यात होतं.

"बाई, हे आता तुम्ही बघायचं."

"सर, मला करंटची भीती वाटते," मी म्हणाले. ही सबब नव्हती. लहानपणी खानापूरकडच्या आमच्या मळ्यात मोटारीच्या पेटीनं माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, धरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. अण्णा वाचला. पण अजूनही घरातला दिवा लावताना मी आधी हात पदराला पुसते.

मुख्याध्यापक हसले. "म्हणून तर तुम्हाला देतोय. न भिणारा माणूस पोरांना घेऊन कुठंही घुसतो."

असा तो संघ माझ्या गळ्यात पडला. मी सहा मुलं निवडली, चार मुलगे आणि दोन मुली. निवडताना मार्क बघितले नाहीत. खोकी उघडल्यावर कोण हात घालतं आणि कोण नुसतं बघतं, एवढंच बघितलं.

मग एका शनिवारी सगळ्यांच्या आईवडिलांना बोलावलं आणि संघात राहायच्या अटी सांगितल्या. ठरलेल्या दिवशी यायचंच. येणार नसाल तर निरोप धाडायचा. बॅटरी चार्जिंगला लावून कुणी जागचं उठायचं नाही. झाडलोट सगळ्यांनी करायची. मोबाइल आणायचा नाही. बाहेर स्पर्धेला जाताना संघाचा टी-शर्ट घालायचा. आणि कुठंही एकट्यानं जायचं नाही. पाणी प्यायला, लघवीला, सामान आणायला, कशालाही जोडीनं जायचं आणि जोडीनंच परत यायचं.

मोबाइल नाही म्हटल्यावर पालक खूश झाले. टी-शर्टावर तर पोरं खूश. छातीवर संघाचं नाव ठळक देवनागरीत छापून घेतलं होतं, लांबूनसुद्धा वाचता येईल असं. जोडीची अट ऐकून मात्र हशा पिकला. दहावीतल्या मुलीचे वडील सकाळी शेत बघून दुपारपाळीला कागलच्या कारखान्यात जायचे. ते म्हणाले, "बाई, ही लईच झाली. एवढी कसली भीती?"

"भीतीच आहे, दादा," मी म्हणाले. "दुसरं काही नाही."

त्यांच्या मुलीची जोडी मी आठवीतल्या मुलीशी लावली. थोरली अबोल. स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात असा बसायचा की जणू हाताचंच सहावं बोट. धाकटी उलट, तोंडाचा पट्टा सतत चालू. तिची आई निपाणीतच दवाखान्यात नर्स, वडील बँकेत. वडील दारात आले की 'जय भीम' म्हणून आत यायचे आणि पोरीनं लिहिलेला प्रोग्रॅम पुढं वाकून बघायचे, कळो न कळो. धाकटी प्रोग्रॅम लिहिताना मोठ्यानं बोलायची, चुकला की यंत्रालाच शिव्या द्यायची. थोरली एकदा वैतागून म्हणाली, "जरा गप बस की गं. मला मोटारीचा आवाज ऐकू येईना झालाय." धाकटी दोन मिनिटं गप्प बसली आणि पुन्हा सुरू झाली. पण त्यांची जोडी जमली. डबा एकत्र खाऊ लागल्या.

बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात स्पर्धा होती. जमिनीवर विखुरलेले चेंडू उचलून यंत्रानं टोपलीत टाकायचे. त्या आठवड्यात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचं पुन्हा काहीतरी पेटलं होतं. आमच्याकडं ते नवं नाही. लोक आधी एस.टी. चालू आहे का विचारतात आणि मग कामाला लागतात. मी मात्र आदल्या दिवशी तीनदा फोन करून चौकशी केली. सगळं शांत आहे, असंच उत्तर आलं. गाडी कागलच्या एका वडापवाल्याची, प्रवासी भरून नेणारी जीप, ठरली होती. नंबरप्लेट महाराष्ट्राची. ती माझ्या डोळ्यांत खुपली, पण ऐनवेळी दुसरी गाडी कुठून आणायची?

जाताना काही झालं नाही. स्पर्धाही बरी झाली म्हणायची. पहिल्या फेरीत यंत्रानं झकास चेंडू उचलले, दुसऱ्या फेरीत एक चाक निसटलं आणि ते जागच्या जागी गरगर फिरत राहिलं. पोरांचे चेहरे पडले. त्यांना खडेबाजारात नेऊन काहीतरी खायला घालीन, असं मी कबूल केलं होतं. पण तिथं पोचलो तर दुकानांची शटरं खाली यायला लागलेली. एक दुकानदार माझ्याकडं आणि पोरांच्या छातीवरच्या अक्षरांकडं बघून हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, लवकर गाव गाठा."

गाडीत बसल्यावर मी पोरांना मोजलं. काकती गाव मागं पडलं तेव्हा पुन्हा मोजलं. ड्रायव्हर तरुण होता, गप्प गप्प चालवत होता. डिझेल निम्म्यावर आलंय म्हणून त्यानं गाडी एका पंपावर घेतली.

"बाई, जाऊन येऊ?" थोरलीनं विचारलं. दोघींना मघापासून लागली होती.

"जावा. पण जोडीनं."

"व्हय की," धाकटी म्हणाली, "तुमच्या अटी झोपेतबी पाठ म्हणतो आम्ही." आणि दोघी पंपाच्या मागच्या बाजूला गेल्या.

त्या वळल्या न वळल्या तोच समोरून मोटरसायकलींचा आवाज आला. पुष्कळ होत्या. माणसं ओरडत होती. हायवेवर पुढं एक ट्रक आडवा थांबला होता आणि त्याच्या काचा फुटल्याचा आवाज इथवर आला. पंपावरचा एकजण आमच्या गाडीकडं बघून हातवारे करायला लागला. मला वाटलं डिझेल नाही म्हणतोय. तो 'जा, जा' म्हणत होता. मोटरसायकलवरच्या कुणीतरी आमच्या नंबरप्लेटकडं बोट केलं आणि दोन-तीन गाड्या वळल्या.

ड्रायव्हरनं गिअर टाकला.

"दोन पोरी राहिल्यात!" मी ओरडले. "थांबवा!"

"बाई, आत चार पोरं हायत!" तोही ओरडला.

मागच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी आदळलं. गाडी सर्व्हिस रोडवरनं पुलाखाली शिरली, तिथनं कच्च्या वाटेला लागली. मी त्याचा खांदा धरून हलवत होते. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मागचे चौघं एकमेकांना धरून खाली वाकून बसले होते. कुणी रडत नव्हतं. ते रडले असते तर बरं, असं मला वाटलं.

उसाच्या फडांमधून गाडी एका वस्तीवर आली आणि एका घरापुढं थांबली. अंगणात एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठी असेल. मला कानडी येतं. बाजारात, बँकेत, सगळीकडं मी बोलते. पण त्या वेळी तोंडातून एक शब्द फुटेना. नववीतला मुलगा, आमचं यंत्र चालवणारा, तो पुढं झाला. त्यानं कानडीत तिला सगळं सांगितलं. तिनं पोरांना आत घेतलं, पाणी दिलं. ड्रायव्हरनं पोतं आणून नंबरप्लेटीवर टाकलं आणि तिथंच मातीत उकिडवा बसला.

पोलिसांना फोन लागला. माणसं पाठवतो म्हणाले, पण हायवे अडवलाय, वेळ लागेल. त्या पोरींकडं फोन नव्हता. कुणाला विचारणार, कुणाकडून कळणार? मी चपला सरळ केल्या.

"बाई, कुठं निघाला?" नववीतल्या मुलानं विचारलं.

"त्यांना आणायला."

"एकट्यानं जायचं न्हाय. मी येतो."

त्याला मी नेणार नव्हते, आणि तो वाटेतून हलत नव्हता. आमचं काय चाललंय ते त्या बाईला भाषेशिवाय कळलं. तिनं शेंगांची टोपली बाजूला सारली, पदर खोचला आणि म्हणाली, "बर्री अक्का." चला.

पुढं ती, मागं मी, अशा आम्ही उसाच्या बांधावरनं निघालो. पात्यांनी हात कापत होते. लांबून आरडाओरडा कानावर यायचा, मग थांबायचा, आणि थांबला की जास्त भीती वाटायची. धाकटीच्या आईचा, त्या नर्सबाईंचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. त्यांना काय सांगायचं, तेवढंच मी मनात जुळवत होते. 'राहिल्या' हा शब्द वापरायचा का 'चुकल्या' हा? मुली आधी सापडू देत हे मनात यायला हवं होतं. पण डोक्यात शब्दच फिरत होते.

पंपावर माणूस नव्हतं. ऑफिसची काच फुटलेली. हायवेवर टायर जळत होता आणि काळा धूर आडवा पसरला होता. जमाव पुढं सरकला होता, पण आवाज ऐकू येईल इतका जवळ होता. मी मागं धावले. संडासाचं दार सताड उघडं. नळ तसाच वाहत होता. आत कुणी नव्हतं.

मी दोघींना नावानं हाका मारल्या. एकदा, दोनदा, मग ओरडूनच. उत्तर नाही. त्या बाईनं माझं मनगट घट्ट धरलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मग तीच इमारतीच्या कडेनं हळूहळू चालत गेली आणि दर दाराशी वाकून कानडीत, अंगणात पोरींना हाक मारावी तशी, साध्या आवाजात म्हणत राहिली, "तंगी, हेदरब्याड. तंगी." बाळ, भिऊ नको.

टोकाच्या खोलीची आतली कडी वाजली. दार जरासं किलकिलं झालं. पंपावरचा तोच मघाचा माणूस. त्यानं आधी तिला बघितलं, मग मला. "इब्बरू इदारा," तो म्हणाला. दोघी आहेत.

खोलीत ऑइलचे डबे रचलेले होते. त्यांच्या मागं, भिंतीला टेकून, जमिनीवर दोघी बसल्या होत्या. दोघींचे टी-शर्ट उलटे घातलेले. शिवणी बाहेर, अक्षरं आत. थोरलीनं धाकटीला पाठीमागून मिठी मारली होती आणि तिचा तळवा धाकटीच्या तोंडावर होता. मला बघूनही तिनं तो काढला नाही. मी जवळ बसले, "अगं, मी आहे, बाई," म्हणाले. तिचे डोळे माझ्यावरच होते, पण हात हलेना. शेवटी मी तिची बोटं एकेक करून उचलली.

धाकटीनं मोठा श्वास घेतला. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

आम्ही बांधावरनंच परत आलो. पोलीस आले, रस्ता मोकळा झाला आणि दिवेलागणीला त्यांच्या जीपमागनं आमची गाडी निपाणीकडं निघाली. त्या बाईचे आभार मानायला मी हात जोडले, तर तिनं माझ्या ओंजळीत फोडलेले शेंगदाणे घातले, पोरांना दे म्हणाली.

शाळेच्या फाटकात सगळे पालक उभे होते. नर्सबाईंनी मुलीला दिव्याखाली नेलं, डोळे बघितले, नाडी बघितली आणि मग तिला छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. कुणीतरी मला शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. कुणी दिल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी पालकांची आणि मुलांची बैठक बोलावली. मी संघ बंद करायचं ठरवूनच गेले होते. दोन मुलांच्या पालकांनी पोरांना काढून घेतलं, आणि ते मला बरोबरच वाटलं. धाकटीचे वडील मात्र उठून शांतपणे म्हणाले, "बंद नको. पण अटी बदला. मोबाइल नको म्हटल्यावर आम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या. आता प्रत्येक जोडीकडं एक साधा फोन हवा. गाडी इथल्या, कर्नाटकच्या पासिंगची हवी. आणि शर्टावर अक्षरं कशाला पायजेत? पोरांची ओळख त्यांच्या कामानं होऊ दे."

शर्टाचं ऐकून नववीतला मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मला नाव असलेलाच पायजे, सर." शेवटी नाव शाळेत घालायच्या शर्टावर राहिलं आणि बाहेर जाताना साधा निळा शर्ट ठरला. हा निर्णय योग्य की भेकड, हे मला आजही सांगता येत नाही.

धाकटी संघात परत आली. थोरली येईना. वर्गात यायची, मागच्या बाकावर बसायची, शाळा सुटली की निघून जायची. निरोप नाही, काही नाही. मी विचारलं की "दहावी हाय न्हवं, बाई," एवढंच. ती उजवी मूठ सारखी मिटून ठेवते, हे माझ्या लक्षात आलं होतं.

एका रविवारी मी तिच्या गावी, घरी गेले. आई शेतात गेली होती. वडिलांनी चहा केला आणि आम्हाला बोलायला सोडून गोठ्याकडं गेले.

"तू सगळं बरोबर केलंस," मी म्हणाले. "शर्ट उलटे घालायचं मलासुद्धा सुचलं नसतं."

ती जमिनीकडं बघत राहिली. मग मूठ उघडून तिनं तळवा माझ्यापुढं केला. अंगठ्याखाली दातांची खूण होती. चंद्रकोरीसारखी, अजून जांभळी.

"तिनं चावलं, बाई. तिला श्वास घेता येईना म्हणून चावलं. मला कळत होतं तिला श्वास येईना झालाय. नाकबी माझ्या बोटाखाली आलं होतं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "दाराभाईर माणसं बोलत होती. तरी मी हात काढला न्हाय. ती मेली असती तरी मी काढला नसता. मला त्या माणसांची भीती वाटत न्हाय आता. माझ्या हाताची वाटतीया."

मी तो तळवा माझ्या हातात घेऊन बसून राहिले. अण्णाला मोटारीच्या पेटीनं धरलं, तेव्हा त्याला सोडवायला लाकूड आणायला न धावता मी जागच्या जागी उभी राहिले होते, आईनं आणलं. ते मी तिला सांगितलं. त्याचा उपयोग झाला असं नाही. तिनं फक्त विचारलं, "अण्णा तुमच्याशी बोलतात?"

"रोज फोन करतो. मीच घाबरते उचलायला."

ती किंचित हसली.

निघताना मी विचारलं, "धाकटीला हे ठाऊक आहे?"

"चावलंय तर तिलाच ठाऊक असणार."

दुसऱ्या दिवशी मी धाकटीला काही सांगितलं नाही. पण तिनंच मला प्रयोगशाळेत गाठलं. "बाई, आक्का येत न्हाय ते माझ्यामुळं. मी तिला चावले. लई जोरात चावले. ती माझ्यावर रागावलीया." रडत रडत तिनं हे सांगितलं. आक्का रागावलेली नाही, ती स्वतःच्याच हाताला भिते, हे मी तिला सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि मधल्या सुट्टीत सरळ दहावीच्या वर्गात गेली. तिथं त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. खिडकीतनं दिसलं एवढंच की दोघी शेजारी बसून डबा खात होत्या आणि बोलणं एकटी धाकटीच करत होती.

थोरली संघात परत आली नाही. दहावी झाली, आता बेळगावात डिप्लोमाला आहे. नवी मुलं घेताना मी पालकांना अटी सांगते, आणि कुणी हसलं तर आता मी 'भीती आहे' एवढ्यावर थांबत नाही. त्या दिवशी काय झालं ते सगळं सांगते. काही जण तेवढं ऐकून पोराला घेऊन घरी जातात.

यंदा पुन्हा बेळगावला स्पर्धा होती. निळे शर्ट, इथल्या पासिंगची गाडी, प्रत्येक जोडीकडं फोन. तरीही त्या रस्त्यावर गाडीत कुणी मोठ्यानं बोललं तरी मी दचकत होते. कॉलेजच्या दारात थोरली आम्हाला भेटायला उभी होती. उंच झालीय. मला वाटलं ती मला काहीतरी विचारेल, किंवा धाकटीला जवळ घेईल. तसं काही झालं नाही. ती यंत्राच्या खोक्याशी उकिडवी बसली, चाक बोटानं हलवून बघितलं आणि धाकटीला म्हणाली, "हे ढिल्लं ठेवलंयस. कुणी आवळलं हे?"

"मीच," धाकटी म्हणाली. "तू नसल्यावर कोण आवळणार?"

"दे इकडं," थोरली म्हणाली, आणि तिनं उजवा हात पुढं केला.